दोष कोणाचा, मुदत कोणाची? ठेक्याच्या भाषेचा एक मागोवा

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीच्या वाटेवर एक लहानशी मोरी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्ताने आम्ही दोघे विद्यार्थ्यांसह त्या बाजूला गेलो असता तिच्या कडेला उभा असलेला लोखंडी फलक वाचत थांबलो. सरकारी कामांवर सर्वत्र असतो तसाच तो फलक होता. कामाचे नाव, अंदाजपत्रकीय किंमत, निविदा किंमत, कार्यारंभ आदेशाचा दिनांक आणि शेवटी ‘दोषदायित्व कालावधी : २४ महिने’. काम पूर्ण झाल्याच्या दिनांकापुढील जागा मात्र कोरी होती. मोरीचा एक कठडा ढासळलेला होता आणि वरच्या काँक्रीटचे पापुद्रे सुटून गज उघडे पडले होते.

जवळच्या शेतातून एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही मास्तर आहोत हे कळल्यावर त्यांनी फलकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “सर, हा दोष कोणाचा लिहिलाय? आमचा का?” त्यांचा तर्क सरळ होता. फलक गावाच्या वाटेवर उभा आहे, त्यावर दोष लिहिला आहे, तेव्हा तो गावाचा असणार. आणि चोवीस महिने गावाने त्याबद्दल काही बोलायचे नाही, असा त्याचा अर्थ असणार.

आम्ही दोघेही मराठीत एम.ए. केलेले, वीस वर्षे मराठी शिकविणारे. ‘दोष’ हा शब्द काव्यशास्त्राच्या तासाला आम्ही कितीदा तरी फळ्यावर लिहिला आहे. परंतु त्या बाबांना नेमके उत्तर देणे आम्हांला तेथे जमले नाही. ‘ठेकेदाराची काहीतरी जबाबदारी असते’ एवढेच मोघम बोलून आम्ही वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हा त्या ओशाळलेपणातून झाला आहे. बांधकामाच्या ठेक्यांची जी मराठी आज फलकांवर, वर्तमानपत्रांतील सूचनांवर आणि पंचायतीच्या दप्तरांत दिसते, ती कोठून आली, तिच्या पोटात काय दडले आहे आणि ती ज्यांच्यासाठी लिहिली जाते त्यांच्यापर्यंत ती का पोहोचत नाही, याचा हा एक धावता मागोवा आहे.

तोडून दिलेला हक्क

‘ठेका’ या अर्थाचे जितके शब्द मराठीत आहेत तितके फार थोड्या व्यवहारांसाठी असतील. ठेका, मक्ता, इजारा, गुत्ता, कंत्राट. हे सारे पर्यायवाची वाटतात. पण प्रत्येकाची कुळकथा निराळी आहे.

‘मक्ता’ हा अरबीतून आलेला शब्द. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘कापणे, तोडणे’ असा आहे. एकूण उत्पन्नातील एक हिस्सा तोडून कोणा एकाच्या हवाली करणे, तो मक्ता. ‘इजारा’ हाही अरबीच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांची वसुली इजाऱ्याने देण्याची प्रथा बोकाळली आणि जो जास्त रक्कम कबूल करील त्याच्या हाती रयत सोपविली गेली, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. ‘गुत्ता’ हा कानडी-तेलुगू मुलखातून आलेला शब्द. पश्चिम महाराष्ट्रात तो दारूच्या दुकानापुरता उरला, कारण दारूविक्रीचा हक्क ठेक्याने दिला जात असे. निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात मात्र आजही रस्ता बांधणारा तो ‘गुत्तेदार’च. एकच शब्द एका जिल्ह्यात प्रतिष्ठेचा आणि दुसऱ्यात बदनामीचा ठरावा, ही भाषेची गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे. ठेका देताना जी बोली लावली जाई ती ‘लिलाव’, हा शब्द पोर्तुगीजांचा. बांधकामावरचा ‘मेस्त्री’ आणि त्याचा ‘पगार’ हेही त्याच गलबतातून उतरलेले पाहुणे.

या जुन्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते सर्व प्रामुख्याने वसुलीच्या हक्काचे शब्द आहेत. सरकारने आपला एक अधिकार तोडून व्यक्तीला द्यावयाचा आणि तिने त्यातून मिळेल तेवढे मिळवावयाचे, ही त्यांमागची कल्पना. काय बांधावयाचे, कसे बांधावयाचे, बिघडले तर कोणी दुरुस्त करावयाचे, हे प्रश्न त्या शब्दांच्या कक्षेत फारसे येत नाहीत. ‘मक्तेदारी’ हा शब्द आज आपण एकाधिकारासाठी वापरतो, तो उगाच नव्हे. ठेकेदार म्हणजे गावाचे काम करणारा, यापेक्षा गावावर हक्क मिळालेला, ही जी लोकसमजूत आजही आढळते, तिची मुळे या शब्दांत आहेत असे आम्हांस वाटते. कळसाडीच्या वाटेवरचे बाबा त्याच समजुतीतून बोलत होते.

घाटातले कंत्राट

‘कंत्राट’ हा शब्द आला तो युरोपीयांच्या व्यवहारातून, आणि त्याच्याबरोबर एक नवी गोष्ट आली : लेखी अट. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ च्या सुमारास जुन्या मिलिटरी बोर्डाऐवजी सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटाचे काम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे सोपविले. १८५६ साली काम सुरू झाले. कंपनीशी करार फॅव्हिएलचा. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार. त्यांच्या हाताखाली मुकादम. आणि सर्वांत खाली देशोदेशींचे मजूर. करारातील अटी वरच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचत होत्या. मजुरी मात्र खालच्या पायरीपर्यंत पोहोचत नव्हती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेल याच्याकडे गेले. तो काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने व्यवस्थापक नेमून हे कंत्राट पुरे केले. १८६३ साली घाट वाहतुकीस खुला झाला. ऐन भरात असताना या कामावर ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती.

या दंग्याच्या पाठोपाठ १८६० चा नववा कायदा आला. रेल्वे व अन्य सार्वजनिक कामांवरील मजूर आणि मालक यांच्यातील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यासमोर लवकर निकालात निघावेत, हा त्याचा उद्देश. मात्र काम अर्धवट टाकणाऱ्या मजुरासही त्यात शिक्षा होती. बोरघाटाच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. करार लेखी झाला म्हणजे तो सर्वांचा झाला असे होत नाही. तो ज्याला वाचता येतो त्याचा होतो.

दगडावर कोरलेला हिशेब

या काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, एरवी चित्र एकांगी होईल. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत एप्रिल १८७१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाली. कर्नल फुलर यांनी आखलेल्या या वास्तूचे मंजूर अंदाजपत्रक १६,४७,१९६ रुपयांचे होते आणि प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये झाला. म्हणजे २,६६८ रुपये वाचले. मुंबई महापालिकेची इमारत १८९३ साली पुरी झाली. तिचा मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या वास्तूचे कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी काळेवार. मुंबईच्या तेलुगूभाषक कामाठी समाजातून आलेले हे गृहस्थ सत्यशोधक चळवळीशी निगडित होते. अंदाज किती होता आणि लागले किती, हे लोकांना दिसेल असे मांडणे, यात आजच्या फलकाचा पूर्वज दडला आहे.

सत्यशोधकांचा उल्लेख आलाच आहे, तर महात्मा फुले यांचे नाव टाळून पुढे जाता येणार नाही. जोतीराव हे ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ या संस्थेचे चालक होते. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात आपण फुले शिकवितो ते विचारवंत आणि ग्रंथकार म्हणून. परंतु १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’ या पुस्तकात बांधकाम खात्यातील कारभारावर जे पद्यप्रकरण आहे, ते वाचताना लक्षात येते की हजेरी, मजुरी आणि कारकुनाची लेखणी या गोष्टी त्यांनी कामावर उभे राहून पाहिल्या होत्या. अक्षरशून्यतेने होणाऱ्या अनर्थांची जी साखळी त्यांनी पुढे मांडली, तिच्या मागे शेतकऱ्याच्या बांधाइतकाच कामावरचा हजेरीपटही असावा, असा आमचा तर्क आहे. ज्याला अंगठ्यावर मजुरी मिळते, त्याला कागदावर किती लिहिले हे कळत नाही. फुल्यांच्या दृष्टीने हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न नव्हता, तो भाकरीचा होता.

‘निविदा’ या शब्दाची बाजू

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर कारभार मराठीतून करावयाचा ठरला. भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश निघाला, पुढे राजभाषा अधिनियम आला. पदनाम कोशाला आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हटल्याची आठवण मराठी वाचक अजून चवीने सांगतात. असा उद्योग महाराष्ट्रात पहिल्यांदाच झाला असे नाही. शिवाजी महाराजांच्या काळी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, तेव्हाही फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजिले गेले. त्यांपैकी काही रुजले, पुष्कळसे कोशातच राहिले.

‘टेंडर’साठी रूढ झालेला ‘निविदा’ हा शब्द टीकाकारांच्या तडाख्यातून सुटलेला आणि खरोखर रुजलेला आहे. नि-विद् म्हणजे कळविणे, जाणवून देणे. ‘निवेदन’ हा त्याचाच सख्खा भाऊ. वैदिक यज्ञात शस्त्रपठणाच्या मध्ये देवतांना उद्देशून जी लहान गद्य वाक्ये घालीत, त्यांनाही ‘निविद्’ म्हणत. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘पुढे करणे’ हा अर्थ आहे. मराठी शब्दाच्या मुळाशी ‘कळविणे’ हा आहे. मक्त्यात तोडणे होते, निविदेत सांगणे आहे. राजाच्या मर्जीकडून जाहीर सूचनेकडे झालेला प्रवास या एका शब्दबदलात सामावला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

तरीही एक घोटाळा राहिलाच. सरकार ‘निविदा काढते’ आणि ठेकेदार ‘निविदा भरतो’. एकच शब्द दोन्हींसाठी. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारची असते ती निविदा सूचना, म्हणजे केवळ निमंत्रण. ठेकेदार जो दर भरून देतो तो १८७२ च्या करार कायद्यातील ‘प्रस्ताव’. तो स्वीकारला गेला म्हणजे करार होतो. म्हणूनच सर्वांत कमी दर भरला एवढ्याने कोणाला काम मिळण्याचा हक्क पोहोचत नाही. गावात जेव्हा ‘अमक्याची निविदा निघाली’ असे बोलले जाते, तेव्हा कोणत्या पायरीविषयी बोलणे चालले आहे हे कोणालाच नीट ठाऊक नसते आणि अफवांना तेवढीच जागा पुरते.

काही शब्दांची झडती

फलकावर आणि सूचनेत भेटणाऱ्या आणखी काही शब्दांची येथे झडती घेऊ.

‘बयाणा रक्कम’ म्हणजे निविदा भरताना ठेवावयाचा विसार. घर घेताना इसारपावती करणारा माणूस ही कल्पना क्षणात ओळखेल. ठेकेदाराने मुदतीच्या आत अंग काढून घेतले तर ती जप्त होते. ‘सुरक्षा ठेव’ याहून निराळी. ती काम मिळाल्यावर ठेवावयाची आणि चालू देयकांतूनही कापली जाते. दोषाची मुदत संपेपर्यंत तिचा सगळा किंवा काही भाग सरकारकडे अडकलेला असतो. बोलण्यात दोन्हींना ‘अनामत’ म्हणतात आणि फरक पुसला जातो.

‘अंदाजपत्रक’ या शब्दातील ‘अंदाज’ फसवा आहे. कामाच्या प्रत्येक बाबीचे माप काढून त्याला सरकारी दरसूचीतील दर लावून ते तयार होते. अंदाजपंचे ठरविलेले नसते. महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात ‘बी-१’ नमुन्याची निविदा असेल तर ठेकेदार या अंदाजाच्या किती टक्के वर किंवा खाली काम करील ते लिहितो. ‘बी-२’ असेल तर प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरतो. ‘वीस टक्के बिलोने काम घेतले’ हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येते. फलकावरील दोन किमतींतील अंतर म्हणजे हे ‘बिलो’. ते फार मोठे असेल तर ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते, कारण इतक्या कमी पैशांत काम कसे होणार, ही शंका सरकारलाही येते.

‘मोजमाप पुस्तिका’ हे नाव शाळेतल्या वहीसारखे वाटते. प्रत्यक्षात सगळ्या देयकांचा आधार तीच. किती लांब, किती रुंद, किती जाड, हे कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मोजून तिच्यात लिहावयाचे, खाडाखोड करावयाची नाही, चुकले तर रेघ मारून सही करावयाची. बोलीत तिला ‘एम.बी.’ म्हणतात. मोरी किती जाडीची व्हावयाची होती आणि किती जाडीची झाली, याचा पुरावा हवा असेल तर तो येथे असतो.

‘दंड’ हा शब्द तर दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो. मुदतीत काम न झाल्यास द्यावयाची रक्कम करारात लिहिलेली असते. ती ठेकेदाराला शिक्षा म्हणून आहे असे सामान्यतः समजले जाते. करार कायद्याचे ७४ वे कलम मात्र त्या रकमेला कमाल मर्यादा मानते आणि तिच्या आत राहून वाजवी भरपाई देते. भरपाईचा विचार नुकसानीपासून सुरू होतो, शिक्षेचा विचार अपराधापासून. एका शब्दाने ही वाट चुकते.

घरबांधणीच्या नियमांतही तेच. भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल हे सांगणाऱ्या प्रमाणाला मराठीत ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. आणि सदनिकेच्या भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेलाही ‘चटई क्षेत्र’च म्हणतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने या दुसऱ्याची व्याख्या पक्की केली. पण पहिल्यात चटई अंथरण्याचा काही संबंध नाही. एका चटईवर दोन मापे बसविल्यावर ग्राहकाने गोंधळून जाऊ नये तर काय करावे? याउलट ‘भोगवटा प्रमाणपत्र’ हा शब्द पाहा. जमीन महसुलाच्या कारभारात ‘भोगवटदार’ पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. सातबारा पाहिलेल्या माणसाला ‘भोगवटा’ म्हणजे राहण्या-वापरण्याचा हक्क हे समजावून सांगावे लागत नाही. जुना, अंगवळणी पडलेला शब्द नव्या गरजेला जुंपला की तो असा चालतो.

खालच्या पायरीची भाषा

आतापर्यंतचे सारे शब्द वरच्या पायऱ्यांचे झाले. नंदुरबारकडच्या माणसाला ठेक्याची भाषा माहीत नाही, असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. त्याला ती फार जवळून माहीत आहे. फक्त ती दुसऱ्या टोकाची आहे.

खानदेशात ‘सालदार’ हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालाची बोली ठरते आणि वर्षभर एका घरी राबावयाचे असते. कागद नाही, शिक्का नाही. तरी तो करारच. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरातल्या बांधकामावर जाताना मुकादमाकडून घेतात ती ‘उचल’. आणि बांधकामावर विटा वाहणारा तो ‘बिगारी’. हा शब्द वेठबिगारीतला, म्हणजे विनामोबदला सक्तीच्या कामाचा. मोबदला मिळू लागला तरी नाव तेच राहिले.

‘उचल’ या शब्दापाशी क्षणभर थांबू. मोठ्या ठेकेदारालाही काम सुरू करण्याआधी यंत्रसामग्री जमविण्यासाठी आगाऊ रक्कम मिळू शकते. तिला कागदावर ‘अग्रिम’ म्हणतात. ती करारात लिहिलेली असते, तिच्या वसुलीचे हप्ते ठरलेले असतात, आणि ती घेतल्याने ठेकेदाराची प्रतिष्ठा कमी होत नाही. मजुराची उचल हीही आगाऊ रक्कमच. पण ती कोठे लिहिलेली नसते, तिचा हिशेब मुकादमाच्या डोक्यात असतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस जागचा हलू शकत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंधनाच्या मुळाशी असलेल्या अशा आगाऊ रकमेकडेच बोट दाखविले. एकाच व्यवहाराला वर ‘अग्रिम’ आणि खाली ‘उचल’ म्हणणाऱ्या भाषेत दोन न्याय नांदत असतात.

या भागाने ठेकेदाराला वगळून पाहण्याचे प्रयोगही अनुभवले आहेत. जंगलातील लाकूडतोडीचे जे पट्टे ठेकेदारांना लिलावाने देत, त्यांना ‘कूप’ म्हणत. हा शब्द फ्रेंच वळणाचा आणि त्याचाही अर्थ ‘कापलेला भाग’. अरबी मक्ता आणि फ्रेंच कूप सातपुड्याच्या पायथ्याशी असे एकत्र यावेत, हा योगायोग विलक्षण आहे. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात मुंबई प्रांतातील डोंगरी आदिवासी मुलखाची, त्यात पश्चिम खानदेशचीही, स्थिती मांडली. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या आणि कूप ठेकेदारांऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थांना मिळू लागले. पुढे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामे ठेकेदारामार्फत न करता खात्यामार्फत करावयाची, हे तिचे मूळ सूत्र. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही ठेकेदार वर्ज्य मानला होता.

या योजनेने या भागाला बंधारे आणि रस्ते दिले, त्याबरोबर एक शब्दही दिला : हमी. घरी अहिराणी, गुजरी वा भिली बोलणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही ‘हमीचे काम’ म्हणजे काय ते कळते. मागितले तर द्यावेच लागते, ही त्या शब्दाची साधी व्याख्या तिने अनुभवातून शिकलेली असते. व्याख्या पाठ करून नव्हे, मस्टरवर नाव लागून शब्द शिकला गेला.

पुन्हा मोरीपाशी

आता त्या फलकाकडे वळू. ‘दोषदायित्व कालावधी’ म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतरची ती मुदत, जिच्या आत कामात काही खोट निघाली तर ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावयाची असते. न दिल्यास त्याच्या अडकलेल्या सुरक्षा ठेवीतून ती करून घेता येते. म्हणजे बाबांनी जो अर्थ लावला होता त्याच्या नेमका उलट. चोवीस महिने गप्प राहावयाचे नव्हते. चोवीस महिन्यांतच बोलावयाचे होते.

एवढे समजल्यावर आम्ही पुन्हा गेलो. गावातील दोन तरुणांनी माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली होती. ती यथावकाश आली. तीत काम पूर्ण झाल्याचा दिनांक होता, जो फलकावर कोरा होता. मुदत संपून चार महिने झाले होते. कठडा मात्र त्यापूर्वीच्या पावसाळ्यात ढासळला होता, हे सारे गाव सांगत होते. कोणीही खोटे लिहिले नव्हते, काही लपविले नव्हते. शब्द दोन वर्षे उघड्यावर उभा होता. त्याचा अर्थ तेवढा कोणाला दिसला नाही.

परिभाषेवरील मराठी वादात आपण दोन पक्ष पाहतो. एकाला शुद्ध संस्कृत शब्द हवे असतात, दुसऱ्याला इंग्रजी चालतात. आमचा अनुभव सांगतो की शब्द कोठून आला हे फारसे महत्त्वाचे नाही. अरबी बयाणा चालतो, पोर्तुगीज लिलाव चालतो, वैदिक वळणाची निविदाही चालते. शब्द चालतो तो लोकांच्या व्यवहारात त्याला हात-पाय फुटले म्हणजे. ‘दोषदायित्व’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे. परंतु ज्याच्या बाजूने तो घडविला त्याच्याच कानाला तो आरोपासारखा लागतो. ‘फुकट दुरुस्तीची हमी’ असे लिहिले असते तर बाबा आम्हांला विचारण्याऐवजी त्या पावसाळ्यातच ग्रामसभेत उठून उभे राहिले असते. या तीन शब्दांत एकही नवा नाही.

हे सारे त्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे विचारायला उशीर झाला.” त्यांनी तो दोषही स्वतःकडेच घेतला.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांनी परिसरातील इतर फलक उतरवून घेतले. त्यांपैकी एका रस्त्याची मुदत आठ महिने बाकी होती आणि डांबर कडेने सुटू लागले होते. विद्यार्थ्यांनी अर्जाचा मसुदा केला. ‘दोषदायित्व कालावधी’ हा शब्द त्यात ठेवावाच लागला, कारण अर्ज ज्या कचेरीत जाणार तिला तोच शब्द कळतो. त्याच्या पुढे कंस करून एका विद्यार्थिनीने लिहिले : हमीची मुदत. अर्जावर सह्या करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचला गेला, आणि कंसातला भाग ऐकून मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या.